नळीतून

किहेईत तिसऱ्या दिवशी मला श्वास घेणं जमलं.
म्हणजे अठ्ठावन्न वर्षं घेतच होते,
पण तोंड पाण्यात, दातांत रबर,
आणि कानामागच्या नळीतून स्वतःचाच श्वास,
भरड, मोठा,
शेजारच्या खोलीत कुणी आजारी असावं तसा,
हे नवीन होतं.
आमच्याकडे पोहणं म्हणजे पाठीला भोपळा
आणि विहिरीच्या काठावरून मामाचा धक्का.
इथे केआनू नावाचा मुलगा म्हणाला, काही करू नका.
नुसतं पालथं पडून राहा. समुद्र धरतो.

धरलं समुद्राने.

खाली पिवळे मासे, निळे, एक तर ओठ रंगवून आलेला.
श्रीरंगने गळ्यात माशांच्या चित्रांचं कार्ड अडकवलं होतं,
दिसला मासा की नावावर टिचकी,
लग्नात आहेर नोंदवावा तसा.
हुमुहुमुनुकुनुकुआपुआआ:
नातीने एका दमात म्हटलं.
मी हुमुहुमुच्या पुढे गेले नाही.

चौथ्या दिवशी बोटीने माकेनासमोर.
आधी मला खडकच वाटला.
मग खडकाला साखळी दिसली, दातेरी चाकं,
आणि तोफेच्या भोकातून
एक वाम डोकं बाहेर काढून
भाडं थकलेल्या भाडेकरूसारखी आमच्याकडे बघत होती.
महायुद्धातला रणगाडा, सरावात बुडालेला,
हे वर आल्यावर कळलं.
ह्याने कुणाला मारलं होतं का, मी विचारलं.
केआनू म्हणाला, ह्याला किनारासुद्धा गाठता आला नाही, मावशी.
बोटीवर सगळे हसले.
मीही हसले, ओठांवर रबराचा वळ घेऊन.
मग त्याने समोरचं बेट दाखवलं, काहोओलावे,
तांबडं, उघडं.
त्याच्यावर मात्र पन्नास वर्षं बाँब टाकले.
तेही सरावाचेच.
हे सांगताना तो हसला नाही,
दोर गुंडाळत राहिला.

संध्याकाळी घरमालकीण आल्या, टॉवेल मोजायला.
मिसेस हिगा, नव्वदीला टेकलेल्या.
चपला दाराबाहेर काढल्या त्यांनी, मला बरं वाटलं.
म्हटलं, आज रणगाडा बघितला.
पाच, सहा, त्या मोजत राहिल्या.
मग टॉवेलांकडेच बघत म्हणाल्या,
ह्या सगळ्या वाळूवर काटेरी तार होती.
मी सात वर्षांची.
वडिलांची मासेमारीची बोट नेली.
का?
आमचं आडनाव पुरलं.
परत मिळाली?
त्यांनी सातव्या टॉवेलची घडी मोडून पुन्हा घातली.
वडील वर कुलाला गेले, डोंगरात,
दुसऱ्यांच्या शेतात कांदे काढायला.
मरेपर्यंत मासा खाल्ला नाही,
आणि आईनेही कधी विचारलं नाही.
एक टॉवेल कमी आहे, त्या म्हणाल्या.

सकाळी दाराच्या कडीला पिशवी. कुलाचे कांदे.
चिरले तर डोळ्यांना काही नाही,
गोड, पाणीदार, मऊ.
मला जरा फसवल्यासारखं झालं.
भाजणी बॅगेत होतीच, थालीपिठं लावली,
दोन बशीत घेतली, आणि श्रीरंगच्या पिशवीत सापडलेला
तो आठवा टॉवेल.

मिसेस हिगा घरामागच्या ओट्यावर बसल्या होत्या.
समुद्र पन्नास पावलांवर,
आणि त्यांच्या खुर्चीचं तोंड डोंगराकडे.
तुकडा मोडला. खाल्ला. दुसरा मोडला.
माझे केस ओले होते, खारट,
मानेवरून पाणी अजून ठिबकत होतं.
बसा, म्हणाल्या.
कोपऱ्यातली दुसरी खुर्ची मी ओढत आणली
आणि तिचे दोन्ही हात धरून तशीच उभी राहिले,
कुठे तोंड करून ठेवावी
कळेना.