उपास

भवानी पेठेतल्या दुकानदाराने
राजगिरा मोजता मोजता विचारलं,
"ताई, दर आठवड्याला एवढा? उपास कोणाचा असतो?"
मी म्हटलं, मुलाचा.
"केवढा आहे?"
अडीच वर्षांचा.
तराजूवरचा हात थांबला.
माझ्याकडे बघून त्याने
मूठभर जास्त घातला.

मी समजावलं नाही.
गहू नको, दूध नको, एवढं सांगितलं
की पुढचं सांगावं लागतं,
आणि पुढचं मला अजून नीट सांगता येत नाही.
स्वमग्न म्हणतात.
शब्द सुंदर आहे,
एखाद्या कवीला लावला असता तर.

शार्विल डब्याचं झाकण फिरवतो.
ते फिरत असतं तोवर
धायरीतला आमचा दुसरा मजला
त्याच्याभोवती फिरतो.
हाक मारली तर एखादेवेळी पंखा वळून बघेल,
तो नाही.

सासूबाई म्हणतात, मुलगे उशिराच बोलतात,
ह्याचा काका पाचव्या वर्षी बोलला.
खरं आहे. आता सोसायटीच्या मीटिंगमध्ये
काकांना थांबवायला सेक्रेटरी लागतो.
पण मला पाचव्या वर्षाची वाट बघवेना.
कर्वे रोडच्या केंद्रात नाव घातलं:
नंबर चार महिन्यांनी.
चार महिने म्हणजे त्याच्या आयुष्याचा कितवा भाग
हे नवऱ्याने मोबाईलवर काढलं
आणि मला सांगितलं नाही.
मी पाहिलं.

तोवर जे हातात होतं ते केलं.
हातात पीठ होतं.

डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलल्या:
खाण्यामुळे बोलणं येतं असं मी लिहून देणार नाही.
पोट सारखं बिघडतं म्हणताय,
तर तीन महिने करून बघू,
वजन घटू देऊ नका, वहीत लिहा.
त्यांचं अक्षर वाचता येत होतं,
म्हणून मी विश्वास ठेवला.

गिरणीवाल्या पोकळेमामांना सांगितलं,
गव्हाच्या आधी आमचं दळण.
तेव्हापासून सकाळी सात,
जातं गार असताना,
आधी नाचणी, मग ज्वारी.
"सोवळ्यातलं आहे का?"
मामांनी एकदाच विचारलं.
हो म्हटलं.

नाचणीचे शंकरपाळे तेलात विरघळले.
वरईची बिस्किटं खालच्या कुत्र्याने हुंगून सोडली.
नारळाच्या दुधाची खीर भिंतीवर आहे अजून,
रंग काढला की खरवडू.
राजगिऱ्याची वडी तेवढी टिकली,
कारण ती मोडताना आवाज करते.
आवाज त्याला आवडतात,
माझा सोडून,
असं मी एका रात्री म्हणाले
आणि नवरा उठून गॅलरीत गेला.

नंबर लागला. शलाका नावाची मुलगी,
माझ्याहून दहा वर्षांनी लहान,
जमिनीवर मांडी घालून म्हणाली,
अख्खी वडी देऊ नका.
बोटाच्या पेराएवढी द्या. मग थांबा.
मनात दहापर्यंत मोजा.
"माग ना" म्हणू नका.

दहा हा केवढा लांब आकडा आहे.
तीनला तो झाकणाकडे बघतो.
चारला शेजारी कुकर.
सहाला त्याचं नाव माझ्या घशापर्यंत येतं,
ते मी गिळते.
दुकानदारदादा,
उपास कोणाचा, हे तेव्हा
चुकीचं सांगितलं मी.

आज, सात म्हणायच्या आत,
त्याने माझं मनगट धरलं
आणि डब्यावर नेऊन ठेवलं.
नजर झाकणावरच.
मी झाकण काढलं. वडी मोडली, कट्.
अर्धी त्याने खाल्ली,
अर्धी, ओली, चोखलेली,
माझ्या हनुवटीवर दाबली.
तोंड जरा वर होतं,
ते त्याला सापडलं नाही.

वहीत रकाने आहेत:
खाणं, पोट, झोप, बोलणं.
पेन उघडून बसले आहे.
शेवटची बस गेली,
कुत्रा भुंकून गप्प झाला,
आणि हे कुठे लिहायचं ते ठरत नाही.
हनुवटी अजून धुतलेली नाही.