चतुःसीमा

मौजे तिवरखार, तालुका ठाणे.
घरं एकोणचाळीस. विहीर एक, तीही मचूळ.
पूर्वेस: पाण्याची मोठी पाइपलाइन,
जिच्यातलं पाणी इथे थांबत नाही.
एवढं मी बसस्टॉपवरच लिहून टाकलं.

दक्षिणेस जायला वाट अशी नव्हती.
काथोड केणी पुढे, खांद्यावर माझी साखळी,
मागे मी, बूट हातात.
बांधावरनं चाला सायेब, बांध म्हंजे रस्ताच.
बांध कुणाचा?
अर्धा माजा, अर्धा भावाचा.
मधली वीतभर दोघांच्या भांडणाची,
तिथे नुसतं गवत.

एकाहत्तरच्या मोजणीतला दगड शोधत होतो.
सापडला तो शेंदराखाली.
पुढ्यात नारळाची शेंडी, अंड्याचं टरफल,
विझलेल्या उदबत्तीची काडी.
ह्यो आमचा शिवंवरचा चेडा,
काथोड हळू आवाजात म्हणाला, लय करक हाय.
मी मोजलं. चेडा अकरा फूट पलीकडे,
शेजारच्या गावात बसलेला.
हलवायचा का, हे मी विचारलं नाही.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं,
‘दगड आढळून आला नाही.’
बूट हातातच होते,
म्हणून जाता जाता नमस्कारही झाला.

राहिली पश्चिम.
ओहोटीच्या चिखलात गोमीबाई मांडीपर्यंत,
काठीने चिंबोऱ्यांची बिळं चाचपत:
हे भरलेलं, हे मोकळं,
हे कालच सोडून गेलेलं.
आमच्या खात्यात इतकं कुणाला कळत नाही.
बाई, गावाची हद्द कुठवर?
तिने काठी उचलली, तिवरांकडे नेली,
मग त्यापुढे, मग खाली घेतली.
आता हाय तिकरं.
चार वाजता बगशील तं
उघारीच्या फलीला लागंल.

थांबलो चार वाजेपर्यंत.
पाणी आलं, आवाज न करता,
कचेरीत उशिरा येणाऱ्या माणसासारखं.
मी रोवलेली तिन्ही लाल निशाणं
आधी डुलली,
मग एकेक करून जागेवरून उठली.
गोमीबाई टोपली डोक्यावर घेऊन
त्यांच्यामधून आली, पायाला
कुठल्याही सर्व्हे नंबरात नसलेला चिखल.

उत्तर बाजू बघायची राहिलीच.
अंधार पडत होता, शेवटची बस साडेसहाची.
तिकरं काय नाय, काथोड म्हणाला,
बिल्डिंगी.
रोज थोऱ्या थोऱ्या अलीकरं येतान.

ते मी पेन्सिलीने लिहिलं.