आठ घरं

क्लाक्सविकच्या धक्क्यावर, मासळीच्या लिलावघराखाली
एक खोली आहे, तिला खिडकी नाही.
खोलीतल्या सर्व्हरलाही नाही.
काळा पडदा, कोपऱ्यात एक पांढरी रेघ
उघडमीट करते:
बोल, काय हवंय.
माउस जोडला तरी त्याला बोट दाखवायला काही नाही.

याच्या पोटात अकरा यंत्रं आहेत, नसलेली.
एक लिलावाचं, एक बर्फाच्या हिशेबाचं, एक पगाराचं,
एक कशाचं ते कुणालाच आठवत नाही
म्हणून कुणी बंद करत नाही.
सगळ्यांचं सामान पलीकडच्या कपाटात
आणि कपाटापर्यंत आता दोन तारा.
दुसरी हेरगायरने काल ओढली,
गुडघे झाडत म्हणाला, एक तुटली तर दुसरी.

आज सकाळी सर्व्हरला
प्रत्येक डिस्क दोनदा दिसतेय.

यादी पुन्हा मागवली. पुन्हा दोन-दोन,
त्याच मापाच्या, त्याच अनुक्रमांकाच्या.
त्याला कोण सांगणार की वाटा दोन आहेत, घर एकच?
उद्या दोन्ही वाटांनी लिहायला लागला
तर एका पानावर दोन हात,
आणि पानाचा चोळामोळा.

बाबांना मेच्या अखेरीपासून असंच दिसतं.
मेंदूतली एक बारीकशी नस.
दोन कप, दोन मी, खिडकीबाहेर दोन कुनोय,
दोन्हींच्या माथ्यावर वेगवेगळं धुकं, असं ते म्हणतात.
चौतीस वर्षं फेरीबोट हाकलेला माणूस
कपाशेजारच्या हवेला हात घालतो.
खरा कुठला तेवढं सांग.
दोन्ही खरे, बाबा, कप एकच आहे.
हे उत्तर त्यांना मुळीच आवडलं नाही.

तर, ड्रायव्हर.
आधी सुविधा चालू करायची, ती एक ओळ.
मग कपाटाची ओळख सांगायची:
कंपनीचं नाव आठ घरांत, कपाटाचं सोळा घरांत.
नाव तोकडं पडलं तर उरलेली घरं रिकामी सोडायची,
पण मोजून.
मी ओळ लिहिली, एंटर दाबलं.
काही झालं नाही.
चूक आहे असंही म्हणाला नाही,
न रागावणाऱ्या माणसासारखा.

हेरगायर खुर्चीमागे येऊन उभा राहिला,
त्याच्या स्वेटरला वाऱ्यावर वाळवलेल्या मटणाचा वास.
बोटाने पडद्यावरची पोकळी मोजली.
पाच अक्षरं. रिकामी तीन हवीत,
तू दोनच दिलीस.

दवाखान्यात सोलरुन नर्सने मला बजावलं होतं:
त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका.
मध्ये थांबतात ना, तेही बोलणंच आहे.
तेव्हापासून मी मनात मोजते.
उद्या, म्हणतात बाबा, एक, दोन, तीन, चार,
भरती किती वाजता?

तीन मोकळ्या जागा. एंटर.
आता पुन्हा सुरू होऊ दे म्हणाला, म्हणजे अकराही जणांना झोपवायचं.
वर लिलावाला पंचवीस मिनिटं
आणि काट्यावरचा माणूस जिन्यातून ओरडतोय.
पंखे थांबले. खोलीत पहिल्यांदाच समुद्र ऐकू आला.
मग पंखे.
मग ती रेघ.

यादी: प्रत्येक डिस्क एकदा.
खाली बारीक अक्षरांत, वाटा दोन.
हेरगायर काही बोलला नाही, खिशातला तुकडा चघळू लागला.

दीड वाजता, लिलाव रंगात असताना,
मी जुनी तार स्वतःच्या हाताने उपसली.
त्याने सांगितलं नव्हतं. मला बघायचं होतं.
वरून आवाज येत राहिला,
कॉड, चारशे दहा किलो, कॉड, तीनशे नव्वद,
मध्ये श्वासाइतकीही फट नाही.

संध्याकाळी बाबांनी उजवा डोळा मिटून कप उचलला.
घोट घेतला.
मग डावा मिटून तोच कप खाली ठेवला,
बशीत, बरोब्बर.
एकच आहे म्हणालीस ते
 
 
खरं असेल.