मोरीची कात

डॉक्टरबाईंनी आधी डोळ्यांनी पाहिलंच नाही.
कुडाळच्या त्या छोट्या खोलीत, पंख्याखाली,
तिच्या कपाळावरून नुसतं बोट फिरवलं,
मग कानशिलावरून, नाकाच्या शेंड्यावरून.
म्हणाल्या, इथे. इथे. इथेही.
कॅन्सर नव्हे हा. पण तिकडे जाणारी पायवाट आहे.

मला त्या जागा ठाऊक होत्या.
मोरीच्या कातीवरून उलटा हात फिरवावा
तशा लागायच्या रात्री, दिवा मालवल्यावर.
दोन वर्षं.
मी समजलो, मीठ आहे.

जन्मापासून पांढरी ती. केस, पापण्यासुद्धा.
निवतीत तिला मड्डम म्हणतात.
मड्डम, सुंगटां घे. मड्डम, सावलीत बस.
पण जवळा सावलीत सुकत नाही
आणि कावळे काही कोणाची वाट बघत नाहीत.
चाळीस वर्षं राखत बसली, पदर पुढे ओढून.
पदर तरी कुठे तिचा, वाऱ्याचाच.

आता रात्री नऊला मी हातमोजा घालतो.
तिला आरशात नीट दिसत नाही, म्हणून हे काम माझं.
वाटाण्याएवढं मलम. डोळ्यांपासून लांब, ओठांपासून लांब.
मांजराला आधी बाहेर काढायचं, ट्यूब चाटली तर मरेल.
ते दाराबाहेर बसून आम्हां दोघांना शिव्या घालतं.

पहिला आठवडा काहीच नाही.
दहाव्या दिवशी चेहरा पेटला.
जिथे माझं बोट कधी अडखळलं नव्हतं तिथेही लाल,
कुठलं ऊन कुठे मुरलंय ते मलमाला माहीत असल्यासारखं.
भुवईवरचं हे थोरल्याच्या वेळचं, सातव्या महिन्यातलं.
गालावरचं, मी तापाने पडलो
आणि तिने एकटीने बांगडे खारवले, त्या मे महिन्यातलं.
कानावरचं मला ओळखता आलं नाही.

"ह्या सगळा माझ्याच तोंडार होता?"
हात लावू नको, मी म्हणतो.
शेजारची इंदुमती विचारून गेली, कोणी भाजली हिला?
आणि माझ्याकडे बघत राहिली.

डॉक्टरबाई फोनवर म्हणाल्या, लाल होतंय म्हणजे लागू पडतंय.
अजून बारा दिवस.

बारा दिवस ती पडवीत, जवळा राखायला मी,
तिच्यासाठी आणलेली रुंद काठाची टोपी माझ्या डोक्यावर.
आतून ओरडते, "सायबानु, कावळो!"

रात्री मोजा काढतो, साबणाने तीनदा हात धुतो,
आणि अंधारात तिच्या कोपरावर बोट ठेवतो.
तिथे कसं लागतंय ते
या खेपेला नीट बघतो.