तिसरा

देवतळे कंपाउंडरने काही लपवलं नाही.
व्हॅनच्या चारी बाजूंनी आम्हाला फिरवलं,
टायरांना लाथा मारून दाखवल्या,
मग कडुनिंबाखाली तंबाखू मळत म्हणाले,
"तिसरा गेअर सुटते.
आताच सांगून देतो, मंग म्हनसान सांगतलं नाही."

पंचेचाळीसवरून अडतीसला आले.
मधले सात हजार कोणाचे, ते आम्हालाही कळत होतं.
सत्तार मिस्त्रीने डोळे मिटून गाडी ऐकली.
बॉक्स खोलला तर चौदा हजार, म्हणाला,
नाही खोलला
तर कोनीतरी दांडा धरून बसा लागते.

तेव्हा गाऊन, परकर, पोरांच्या चड्ड्या
आम्ही यष्टीने बाजारोबाजार नेत होतो.
कंडक्टर गठ्ठ्याचं तिकीट माझ्यापेक्षा महाग फाडायचा.
घेतली.

डाव्या सीटवर मी, उजव्या हातात दांडा.
हे क्लच दाबतात, दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकतात
आणि हात काढून घेतात.
तिथून पुढे माझं काम.

पहिला महिना दोन्ही हातांनी धरायची,
उलटी करणाऱ्या लेकराचं कपाळ धरावं तसं.
मग कळलं, जोर लागतच नाही.
यांनी रेसवरचा पाय उचलला
की सुटायच्या आधी तो तळहातात थरथरतो,
शिट्टीआधी कुकर थरथरतो तेवढाच.
तेवढ्यात नुसतं अं हं म्हणून दाबायचं.
बसतो.
उजव्या हातात आता मी बांगड्या घालत नाही.
त्या वाजल्या की त्याचं ऐकू येत नाही.

भांडण आम्ही चौथ्यासाठी ठेवतो.
चौथ्यात माझा हात मोकळा असतो.
आणि राळेगावपर्यंतचा रस्ता असा
की चौथा फारसा लागतच नाही.

मागच्या काचेवर जुन्या डॉक्टरची अक्षरं होती,
यांनी ब्लेडने खरवडली, तरी
'ग्णसेवा' एवढं राहिलंच.
वाटेत म्हातारी माणसं हात दाखवतात.
झाडगावच्या एका बुढ्याने तर
बाही वर करून दंड पुढे केला होता.
त्याला आम्ही एक बनियन विकली,
दहा रुपये कमी करून.

इंजिन सीटखाली.
थंडीत बरं वाटतं, चैत्रात ओलं पोतं टाकून बसते.
सरकतं दार नाड्याने बांधलंय,
परकराच्याच.

दिवाळीनंतर छोटा हत्ती घ्यायचं ठरलं,
म्हणून ही विकायला काढली.
कळंबहून एक पोरगा आला, टेकाम नावाचा,
पाण्याच्या कॅन पोचवायला हवी होती त्याला.
यांनी चारी बाजूंनी फिरवलं,
टायरांना लाथा मारल्या,
आणि कुठे उभं राहावं ते न सुचून
उन्हातच म्हणाले,
"तिसरा गेअर सुटते. आताच सांगून देतो."
"मंग चालवता कसे?"
"ही धरते."
पोरगा माझ्याकडे पाहू लागला,
स्टेपनी, जॅक, आणि मी,
गाडीसोबत काय काय मिळतं ते मोजत असल्यासारखा.
मी विचारलं, "तुह्यासंग कोन बसन?"
"कोनी नाही. एकटाच हावो मी."
"मंग नोको घेऊ बाप्पा."

चाळीस देत होता तो. आमच्या खरेदीहून दोन जास्त.
सायकल वळवून गेला,
जाताना काचेवरचं अर्धं नाव वाचत.

बुधवारी बाजार उठवून परत निघालो.
पहिला. दुसरा.
यांनी तिसऱ्यात टाकला, हात काढून घेतला,
समोर पाहतच म्हणाले,
"चाळीस देत होता."

मी काही बोलले नाही.
चौथा लागायचा होता.