मीटरगेज इलेव्हन

सांगलीहून नोटीस आली आहे, धर्मादाय कार्यालयाची:
आपली संस्था चालू आहे की बंद, पंधरा दिवसांत कळवावे.
शेवटचा सेक्रेटरी म्हणून माझं नाव आहे तिथे,
आडनावात एक चूक.

ट्रंक काढली.
हवा भरायचा पंप, सुई नाही.
अर्धं पावतीपुस्तक.
तीन रबरी शिक्के, तीन नावांचे,
आणि एक जर्सी, तिला अजून कोळशाचा वास येतो
असं मी म्हणतो. बायको म्हणते, कसरीचा.

पहिला शिक्का: मीटरगेज इलेव्हन, मिरज.
लोको शेडचे फिटर, दोन फायरमन,
मिशन हॉस्पिटलचा कंपाउंडर सॅमसन आवळे.
डाव्या पायाने तो कॉर्नर असा घ्यायचा
की चेंडू आधी दवाखान्याच्या भिंतीकडेच निघायचा
आणि मग काहीतरी विसरल्यासारखा माघारी वळायचा.
गोलात दाऊद सतारमेकर.
त्याच्या वडिलांनी एकदा मैदानात येऊन
सगळ्यांसमोर त्याची बोटं मोजली,
म्हणाले, उद्या जवारी काय पायानं काढणार?
दाऊद दुसऱ्या दिवसापासून राइट बॅक खेळू लागला.

मग रूळ रुंद झाले.
अर्धी टीम हुबळीला बदलून गेली,
गाडी सुटताना खिडकीतून बूट फेकत:
ठेवा, कुणाला तरी बसतील.
मला बसले. अंगठ्याशी कापूस घालून.

दुसरा शिक्का: पार्श्व ऑइल मिल स्पोर्ट्स.
नेमिनाथशेठ फुटबॉल बघत नसत, फक्त छाती बघत,
नाव नीट दिसतंय ना.
इराप्पा शिंप्याने जुनी अक्षरं उसवली, नवी लावली,
पण उसवलेल्या जागी कापड गडदच राहिलं.
लांबून तेलाची गिरणी,
जवळून मीटरगेज.
त्या वर्षी आम्ही कोल्हापूरला हरवलं, दोन-एक.
त्यांची पोरं ट्रक भरून हलगी घेऊन आलेली;
जाताना ट्रकमधून काहीच ऐकू आलं नाही,
फक्त मागची फळी आदळत होती.
हे कुठल्याही वर्तमानपत्रात नाही.
मी पाहिलंय. मी राखीव होतो.

तिसरा शिक्का फारसा झिजलाच नाही.
सूतगिरणी कामगार संघ. दीड मोसम.
गिरणीला टाळं लागलं तेव्हा
गोलची जाळी आत गोदामात राहिली.
पुढचे सगळे गोल दोन बांबूंमधून आरपार गेले,
आणि प्रत्येक गोलवर भांडण.

शेवटची मॅच कुपवाडशी.
आमच्याकडे नऊ जण, त्यातला एक दाऊदचा पोरगा,
शाळेच्या चड्डीत.
सॅमसन पंच. गुडघे गेले होते, शिट्टी होती.
एक-एक.
सत्तराव्या मिनिटाला कुणीतरी चेंडू उंच मारला,
तो यार्डाच्या कुंपणापलीकडे गेला
आणि चालत्या मालगाडीच्या उघड्या वाघिणीत पडला.
गाडी बेळगावकडची.
आम्ही सगळे कुंपणाला टेकून उभे राहिलो.
दुसरा चेंडू नव्हता.
सॅमसनने घड्याळ थांबवलं
आणि म्हणाला, थ्रो-इन आपला.
अंधार पडेपर्यंत तो कुणाला घरी जा म्हणाला नाही.
मग एकेक जण गेला, सायकली शोधत.
शेवटची शिट्टी वाजली नाही, हे मी शपथेवर सांगतो.

नोटिशीवर दोन चौकोन आहेत,
चालू, बंद.
शिल्लक: त्रेचाळीस रुपये साठ पैसे, कराड बँकेत.
खाली एक ओळ: बंद असल्यास कारण.

सॅमसन गेला त्या वर्षी त्याच्या मुलीने मला घड्याळ आणून दिलं.
चावी दिली तर चालेल, असं म्हणाली.
ट्रंकेत आहे, पंपाजवळ.
मी अजून चावी दिलेली नाही.