एक किलो नव्वद

दुकानातल्या मुलानं विचारलं, "युज काय आहे, मॅडम?"
मी म्हटलं, हिशोब.
थाप नव्हती ती. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात
विसरिया शेठच्या गाळ्यावर अकरा वर्षं मी पट्ट्या करते.
आवक, तोलाई, हमाली, गाडीभाडं,
वजा जाता राहील ते निव्वळ.
पण माझं निव्वळ कुठं मांडायचं
हे वाशीच्या सेक्टर सतरात, एसीच्या झोताखाली,
या पोराला कसं सांगू?

त्यानं मोठा काढला. उजव्या अंगाला
आकड्यांची वेगळी पट्टी. "हिशोबाला बेस्ट."
आकडे माझ्या बोटांना झोपेतही सापडतात.
मला तेवढीच जागा रिकामी हवी होती.

मग टॅब. काचेवर उमटणारा कीबोर्ड.
काचेवर मी पुष्कळ लिहिलंय,
फोनच्या, अंगठ्यानं, घणसोलीच्या बस स्टॉपवर.
'माळ' लिहायला जावं तर 'माल' उमटायचं,
आणि दिवसभर माल लिहिणाऱ्या बाईला
संध्याकाळी ते दुरुस्त करायचाही कंटाळा येतो.

वही बरी, असं शेठ म्हणतात. चार्जर लागत नाही.
खरंय. पण वहीला पासवर्ड नसतो.
वहिनीनं एकदा एक पान मोठ्यानं वाचलं.
सगळे हसले.
मीही हसले, सगळ्यांत जास्त.

मागच्या गल्लीत, जिन्याखाली,
झुबेर मुकादम वापरलेले विकतो.
काही विचारत नाही. एकेक उघडून समोर ठेवतो
आणि चहा सांगतो.
अकरा इंची, काळा, एका कोपऱ्याला पोचा.
बिजागरी करकरते थोडी.
आत पंखाच नाही, म्हणजे रात्री
भिंतीपलीकडे काही ऐकू जाणार नाही.
सगळी बटणं शाबूत,
फक्त बॅकस्पेसचा बाण पार झिजून गेलेला.
कोण होता कुणास ठाऊक,
लिहिलं त्याहून जास्त खोडलं त्यानं.
मी म्हटलं, हाच.

साडेचौदा सांगितले, बारा आठशेला दिला.
"बॅटरी चार तास. उगाच जास्त बोलणार नाही मी."
चार तास!
सलग चार तास मला शेवटचे कधी मिळाले होते,
बहुतेक टायफॉइडमध्ये.

सकाळी गाळ्यावर, लिलाव सुरू व्हायच्या आधी,
गंमत म्हणून काट्यावर ठेवला.
एक किलो नव्वद ग्रॅम.
हैबतीमामांनी वाकून पाहिलं. "आत काय भरलंय?"
अजून काही नाही, मामा.
"मग हे नुसतं बारदान झालं की."
आणि पन्नास किलोची गोण पाठीवर घेऊन
गेलेसुद्धा.

कोपरखैरण्याला, घरी, अण्णांच्या हातात दिला.
बत्तीस वर्षं त्याच बाजारात पाठ घातली त्यांनी.
उचलण्याआधी सवयीनं पाय रोवले,
कंबर सावरली,
आणि वस्तू हातात आली तेव्हा
एवढ्या जोराचं काय करावं
ते त्यांना क्षणभर कळेना.
"हलका आहे," म्हणाले. मग थोड्या वेळानं,
"पडेल बिडेल. जपून."

रात्री सव्वाअकरा. वहिनीच्या खोलीतला दिवा गेला.
ओट्यावर तवा बाजूला सारून
तेवढ्या जागेत तो मांडला. बरोबर मावला,
त्याच जागेच्या मापाचा घेतला होता.
नवीन फाइल. नाव द्या, म्हणतो.
'तोलाई मागील बाकी' असं नाव दिलं.
ही कुणी उघडणार नाही.

शिफ्ट धरून ठेवली आणि दाबलं.
ळ आला. पहिल्या फटक्यात, तोच.
माळ.
त्यावर एक झाड, झाडाखाली आई,
तिच्या हातात काहीतरी आहे, काय ते आठवत नाही.
कापूस लिहिला. नाही.
कणीस.

मग बराच वेळ
तो झिजलेला बाण.